वेलचेरीचं तळं आणि सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरला जागा लागत नाही, ते कुठंही बसून लिहिता येतं, असं बहुतेक प्रोग्रामर मानतात. चेन्नईतल्या वेलचेरीचा इतिहास मला हे मानू देत नाही. इथं दंडीश्वराच्या देवळात चोळकालीन शिलालेख आहेत, आणि गावात शेती पोसणारी ‘एरी’, म्हणजे बांध घातलेलं तळं, होती. तळ्याचं जादा पाणी पळ्ळिकरणैच्या दलदलीत उतरे. 2000 साली शेजारच्या तरमणीत टायडेल पार्क हे सॉफ्टवेअर कंपन्यांचं संकुल उघडलं, 2007 मध्ये उन्नत रेल्वे वेलचेरीपर्यंत आली, आणि सॉफ्टवेअरमधल्या माणसांनी इथं घरं घेतली. तळं मात्र आक्रसत गेलं. त्यात सरकारी गृहनिर्माण योजनांचाही वाटा होता, म्हणून सगळा दोष संगणकवाल्यांवर टाकणं अन्यायाचं होईल.

डिसेंबर 2015 च्या पुरात वेलचेरी बुडाली. तेव्हा कंपन्यांनी काम दुसऱ्या शहरांत हलवलं. मग जागेचं महत्त्व उरलं कुठं, असं कुणी विचारेल. पण हललं ते काम. कर्ज काढून घेतलेली घरं, तळमजल्यावरचे म्हातारे आईबाप आणि त्या घरांत राबणाऱ्या बाया पाण्यातच राहिल्या. पळ्ळिकरणैला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, तोवर दलदलीचा मोठा भाग बुजवून झाला होता.