सबवेची गुंडाळी-पाटी

न्यूयॉर्कच्या सबवेवर गाडीचे शेवटचे स्थानक आणि मार्ग दाखवण्यासाठी विसाव्या शतकात प्रामुख्याने जे साधन वापरले गेले, ते म्हणजे रोलसाइन, गुंडाळीची पाटी. दोन दांड्यांवर गुंडाळलेला लांब कापडी पट्टा आणि त्यावर एकाखाली एक छापलेली नावे, अशी तिची रचना. पट्ट्याची पार्श्वभूमी काळी व अपारदर्शक असते, अक्षरांतून तेवढा प्रकाश आरपार जातो. मागे दिवा लागला की नाव उजळते. कर्मचाऱ्याने हँडल फिरवले की पट्टा एका दांडीवरून सुटून दुसरीवर चढतो आणि हवे ते नाव चौकटीत येते. यंत्र इतके साधे असल्यामुळेच ते अनेक दशके टिकले.

सबवे 27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झाली, तेव्हा गुंडाळी नव्हती. ती चालवणाऱ्या इंटरबरो कंपनीच्या डब्यांवर धातूच्या पाट्या हाताने अडकवत. गाडीचा मार्ग बदलला की प्रत्येक डब्याची पाटी बदलावी लागे. जाळे लहान असेपर्यंत हे निभावले. पुढे बीएमटी ही दुसरी खासगी कंपनी आली आणि 10 सप्टेंबर 1932 रोजी शहराने स्वतःची इंडिपेंडंट ही मार्गिका सुरू केली. तिच्यासाठी घेतलेले डबे आर-1 म्हणून ओळखले जातात; तेथपासून न्यूयॉर्कच्या डब्यांना कंत्राटाच्या क्रमांकावरून नाव देण्याची रीत पडली. या डब्यांवर गुंडाळ्या होत्या आणि त्यांवर मार्गाची अक्षरेही होती. एकेरी अक्षर जलद गाडीचे, दुहेरी अक्षर धिम्या गाडीचे: ए म्हणजे आठव्या अव्हेन्यूवरची जलद, एए म्हणजे तिथलीच धिमी. मुंबईकर ‘बोरिवली फास्ट’ या दोन शब्दांत जे सांगतो, ते तिथे एका-दोन अक्षरांत मावले.

1940 मध्ये तिन्ही जाळी शहराच्या ताब्यात आली, पण गाड्यांची ओळख लगेच एकसारखी झाली नाही. इंटरबरोच्या मार्गांचे आकडे 1948 च्या आर-12 डब्यांपासून पाट्यांवर दिसू लागले, तर बीएमटीच्या मार्गांना अक्षरे मिळायला 1960 चे आर-27 डबे यावे लागले. आजचा प्रवासी ज्या आकड्यांनी आणि अक्षरांनी सबवे ओळखतो, त्यांचा प्रसार असा डब्यांच्या खरेदीबरोबर, टप्प्याटप्प्याने झाला.

खरी उलथापालथ 26 नोव्हेंबर 1967 रोजी झाली. त्या दिवशी ख्रिस्टी स्ट्रीटचा जोडमार्ग सुरू झाला आणि बीएमटीच्या ब्रुकलिनमधील गाड्या सहाव्या अव्हेन्यूच्या मार्गिकेवर धावू लागल्या. अनेक मार्ग रातोरात बदलले आणि क्यूजे, एनएक्स अशी नवी नावे आली. यातले एनएक्स 1968 च्या एप्रिलमध्येच बंद पडले. क्यूजे 1973 पर्यंत चालले. याच सुमारास प्रत्येक मार्गाला स्वतःचा रंग देण्यात आला. बी काळा होता, आरआर हिरवा. 1979 मध्ये नवा नकाशा निघाला आणि रंग मार्गाऐवजी मॅनहॅटनमधल्या मुख्य मार्गिकेला बांधला गेला. बी नारिंगी झाला, आरआर पिवळा. 1985 मध्ये दुहेरी अक्षरे मोडीत काढण्याचा निर्णय झाला. त्यानुसार जीजीचा जी झाला, एलएलचा एल, आरआरचा आर, आणि एएचा के. हा के 1988 मध्ये बंद झाला. मात्र त्याच अक्षराची एक वेगळीच गाडी 1976 पर्यंत दुसऱ्या मार्गावर धावत होती.

जुन्या गुंडाळ्या इतक्या मोलाच्या का, याचे उत्तर या बदलांत आहे. मार्ग बदलला की गुंडाळी निकामी होते आणि तिच्यावरचा मजकूर तसाच गोठून राहतो. नकाशा प्रवाशासाठी काढलेला असतो, त्यामुळे त्यात रोजचा व्यवहार तेवढा दिसतो. गुंडाळीवर मात्र गाडी अडचणीच्या वेळी जिथून माघारी वळवता येईल अशी मधली स्थानकेही असतात. डबा एका मार्गावरून दुसऱ्यावर जात असल्याने तिच्यात अनेक मार्गांची नावे एकत्र येतात. रेल्वे चालवणाऱ्यांच्या डोक्यातले संपूर्ण जाळे पाहायचे असेल, तर गुंडाळीइतका प्रामाणिक पुरावा क्वचितच सापडतो.

मात्र हा पुरावा जपून वाचावा लागतो. नाव छापलेले आहे म्हणून तिथवर रोज गाडी जात होती असे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की छपाईच्या वेळी ती शक्यता धरली गेली होती. काळ ठरवायला बदललेली नावे अधिक उपयोगी पडतात. ‘हडसन टर्मिनल’ असलेली गुंडाळी त्या स्थानकाला ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’ हे नाव मिळण्यापूर्वीची. रंगीत मार्गचिन्हे असलेली 1967 च्या आधीची नव्हे. साहित्यही बोलके असते: जुन्या पट्ट्यांचे कापड पुढच्या काळात मायलार या पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मला जागा देते. दांडीला जोडलेल्या टोकांवरच्या खुणा, वर्षानुवर्षे गुंडाळून पडलेल्या आडव्या घड्या, उघड्या राहणाऱ्या भागावरचा काळपटपणा, यांवरून खरी गुंडाळी शोभेसाठी छापलेल्या नकलेपासून वेगळी ओळखता येते.

संग्रह करण्याचे सगळ्यात मोठे दुखणे म्हणजे कात्री. संपूर्ण गुंडाळी लांबलचक असते, घराच्या भिंतीवर मावत नाही. म्हणून विक्रेते तिचे तुकडे करून चौकटीत बसवतात. ‘कोनी आयलंड’ लगेच खपते, आडवळणाचे टोक मागे राहते. तुकडा देखणा दिसतो, पण नावांचा क्रम आणि शेजार कायमचा हरवतो, आणि गुंडाळीची तारीख ठरवायला त्या क्रमाचीही मदत होत असते. ज्या गुंडाळीला अजून कात्री लागलेली नाही, ती तशीच ठेवणे आणि नावांची क्रमवार नोंद करणे, हेच अभ्यासूंना शोभते. न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियममध्ये अशा पाट्या त्यांच्या मूळ डब्यांवर पाहता येतात. 1976 मध्ये उघडलेले हे संग्रहालय ब्रुकलिनमधल्या कोर्ट स्ट्रीट या बंद स्थानकात आहे. तिथे जाणारी एचएच नावाची छोटी गाडी 1946 मध्येच थांबली होती.

गुंडाळीची माघार 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाली. आर-44 आणि आर-46 डब्यांच्या मोठ्या दुरुस्तीत बाजूच्या गुंडाळ्या काढून इलेक्ट्रॉनिक फलक बसवले गेले, आणि 2000 मध्ये आलेल्या आर-142 डब्यांवर गुंडाळीला जागाच नव्हती. नव्या मार्गासाठी पट्टा छापण्याची गरज उरली नाही. नाव संगणकात घातले की पुरे. 1980 च्या दशकातले आर-62 आणि आर-68 डबे मात्र गुंडाळ्या घेऊन पुढे चालत राहिले. सेवेतून काढलेले सुटे भाग शहराची परिवहन संस्था स्मरणवस्तू म्हणून विकते, त्यात गुंडाळ्याही असतात.