परसबाग लावताय? आधी माती ओळखा, मगच खर्च करा

पाऊस सुरू झाला की घराघरांत परसबागेची तयारी होते. रोपं चांगली आणली, शेणखत टाकलं, तरी काही दिवसांत पानं पिवळी पडतात, रोपं माना टाकतात. दोष बियाण्याला दिला जातो. पण अनेकदा कारण मातीतच असतं आणि न तपासता केलेला खर्च वाया जातो.

घरच्या घरी ओळख

काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा. दिवसभर स्थिर ठेवा. तळाला वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती बसते. कोणता थर जाड, त्यावरून मातीचा पोत कळतो.

निचरा पाहण्यासाठी फूटभर खोल खड्डा दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी पाच-सहा तासांनीही तसंच असेल, तर निचरा कमी आहे.

कोणत्या मातीला काय?

*काळी भारी माती :* पाणी धरते, उन्हाळ्यात भेगा पडतात. दोन-चार घमेली वाळू टाकून उपयोग नाही. गादीवाफे करावेत, दरवर्षी कुजलेलं शेणखत द्यावं. वाफसा नसताना खोदू नये, ढेकळं घट्ट होतात.

*मुरमाड, हलकी माती :* पाणी आणि खत टिकत नाही. गांडूळ खत, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि थोडं-थोडं पण वरचेवर पाणी द्यावं.

*कोकणातील जांभी माती :* ही आम्लधर्मी असते. तपासणीत सामू कमी आला तरच शिफारशीप्रमाणे चुना टाकावा.

*चुनखडीची माती :* कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोहाची कमतरता असते. इथे चुना टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

खारवट आणि चोपण यांत गल्लत नको

दोन्ही जमिनी बिघडलेल्याच, पण इलाज वेगळे. खारवट जमिनीवर पांढरा थर येतो; सामू ८.५ पेक्षा कमी, पण क्षारता ४ डेसीसायमनच्या वर असते. तिथे चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. नुसतं जिप्सम टाकून भागत नाही. तोवर घेवड्यापेक्षा बीट, पालक बरा तग धरतात.

चोपण जमीन ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी होते. सामू ८.५ च्या वर जातो. तिथे अहवालानुसार जिप्सम, सोबत निचऱ्याची सोय आणि धैंच्याचं हिरवळीचं खत उपयोगी पडतं. धैंचा फुलोऱ्यात येताच गाडावा.

नमुना असा घ्यावा

पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्यावी. सगळी मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करावं. उकिरडा, झाडाखालची जागा, बांध आणि नुकतंच खत टाकलेली जागा टाळावी. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी.

मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ पासून देशभर सुरू आहे. नमुना कुठे द्यायचा, याची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळते. अहवाल हातात आल्यावरच चुना किंवा जिप्समची गोणी आणावी.