डिझाइनची पीएचडी : खाट की प्रबंध?

तर मंडळी, डिझाइनमध्ये पीएचडी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर अजून वाद आहे. थोडं मागे जाऊ. १९६०च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर यांच्या गटानं रुग्णालयातल्या खाटेचा अभ्यास केला. रुग्णाला चढता-उतरता यावं म्हणून खाट बुटकी हवी, पण वाकून वाकून नर्सची कंबर मोडू नये म्हणून ती उंचही हवी! शेवटी उंची बदलणारी खाट तयार झाली आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तीच प्रमाण ठरली.

आता ज्ञान कुठे आहे, खाटेत की अहवालात? १९९३ मध्ये त्याच कॉलेजच्या क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी संशोधनाच्या तीन वाटा मांडल्या. डिझाइनविषयी, डिझाइन करता करता आणि डिझाइनसाठी. पहिली सोपी, आम्ही इतिहासवाले तेच करतो. दुसरीत काय केलं, का केलं, याची नोंद लागते. तिसरीत सगळा विचार वस्तूतच मुरलेला असतो. तिथे खुद्द फ्रेलिंगही अडखळतात.

विद्यार्थ्याची मात्र चार-पाच वर्षं यावर टांगलेली असतात. तो वस्तू समोर ठेवतो, परीक्षक विचारतात, प्रबंध कुठाय? माझ्या मते परीक्षकांनी आधी वही मागावी, फसलेल्या नमुन्यांसकट.