माशाच्या व्रणातला खरा आरोपी

१/ १९८८ च्या पावसाळ्याच्या सुमारास ईशान्य भारतातल्या तळ्यांत आणि भातखाचरांत मासे मरू लागले. अंगावर आधी लाल ठिपके, मग खोल व्रण. लोक धास्तावले आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक मिळेना. रोगाला नाव होते, पण कारणाविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते. आजचा धागा त्या कारणाच्या शोधाविषयी.

२/ नाव होते एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, म्हणजे ‘ईयूएस’. बँकॉकमधल्या १९८६ च्या तज्ज्ञ-बैठकीत ते रूढ झाले. ‘सिंड्रोम’ म्हणजे लक्षणांचा समूह. कारण अजून सिद्ध झालेले नाही, याची कबुली त्या नावातच होती.

३/ विदर्भाला हा विषय परका नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले जुने मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले आणि त्यांतल्या मासेमारीवर ढिवर कुटुंबे पोसली गेली. आपली लाडकी मरळ या रोगाला सर्वाधिक बळी पडणाऱ्या माशांपैकी एक आहे.

४/ रोगाचा माग मात्र दूरवर जातो. १९७१ मध्ये जपानमध्ये आणि १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये असेच व्रण नोंदले गेले. पुढे इंडोनेशिया, थायलंड, श्रीलंका, बांगलादेश आणि मग भारत.

५/ संशयित तीन होते. व्रणांतून वारंवार मिळणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू, काही माशांत सापडलेले विषाणू आणि व्रणांत दिसणारी बुरशी. बुरशीला अनेकांनी दुय्यम ठरवले. पाण्यात कोणत्याही जखमेवर बुरशी चढतेच, असा युक्तिवाद होता आणि तो चुकीचाही नव्हता.

६/ जिवाणूवर संशय का बसला? उघड्या व्रणाचा नमुना घेऊन पोषक माध्यमावर पसरला की एरोमोनास भराभर वाढतो. पण तो गोड्या पाण्यात एरवीही असतोच. घटनास्थळी सापडला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही.

७/ अशीच अडचण थंड प्रदेशात ट्राउट-सॅमनच्या मूत्रपिंडविकाराबाबत आली होती, पण उलट्या बाजूने. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या डी नदीतल्या सॅमनमध्ये तो नोंदला गेला, म्हणून त्याला ‘डी रोग’ म्हणत. मूत्रपिंडात पांढुरक्या गाठी दिसत, पण जिवाणू सहजी वाढवता येत नसे.

८/ तो अतिशय संथ वाढतो. त्याला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागते आणि वसाहती दिसायला कित्येक आठवडे जातात. तोवर इतर जिवाणू थाळी व्यापून टाकतात. ऑर्डल आणि अर्प यांनी १९५६ मध्ये तो वाढवून दाखवला. ‘रेनिबॅक्टेरियम सॅल्मोनिनारम’ हे नाव मिळायला १९८० उजाडले.

९/ तो माशाच्या अंड्यातही शिरतो, त्यामुळे निरोगी दिसणारी मादी रोग पुढच्या पिढीला देते. म्हणून नुसत्या गाठी पाहून भागत नाही. आज प्रतिपिंडांवर आधारित एलायझा आणि पीसीआर या चाचण्यांनी लक्षणे नसलेले वाहक मासेही शोधता येतात.

१०/ आता पुन्हा ईयूएसकडे. कोडे उलगडले ते सूक्ष्मदर्शकाखाली. उघड्या व्रणाऐवजी त्याच्या कडेचा स्नायू कापून चांदीयुक्त रंगद्रव्याने रंगवला, तेव्हा आत खोलवर घुसलेले जाड तंतू आणि त्यांना वेढणाऱ्या पेशींच्या गाठी दिसल्या. रॉबर्ट्स, विलोबी आणि चिनाबुत यांनी १९९३ मध्ये या तंतूंकडे लक्ष वेधले.

११/ तोच हा ‘अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हेडन्स’. वेगळा काढून निरोगी मरळीच्या स्नायूत टोचला, तर तसाच व्रण पुन्हा उमटतो. जुनी शंका या प्रयोगाने मिटवली. शास्त्रीय वर्गीकरणात ही खरी बुरशी नव्हे, तर ओओमायसीट आहे. नागपुरी संत्र्याच्या डिंक्या रोगाला कारण ठरणारा फायटोफ्थोरा याच गटातला.

१२/ निदान बदलले की उपायही बदलतो. जिवाणूंवरची प्रतिजैविके या तंतूंना मारत नाहीत. भर पडला तो प्रतिबंधावर: तळ्यात चुना, पाण्याची निगा, बाहेरून येणाऱ्या माशांवर नजर. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने तळ्यांसाठी ‘सिफॅक्स’ हे औषधही तयार केले.

१३/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला यात आमच्याच विषयाची सावध सूचना दिसते. मालगुजारी तलावांच्या महसुली नोंदी दप्तरांत पटकन मिळतात. ढिवरांच्या आठवणी तशा मिळत नाहीत. जे सहज हाती लागते, त्यालाच आपण कारण समजून बसतो.

१४/ आणि एक व्यवहाराची गोष्ट. तळ्यात व्रण पडलेला मासा दिसला, तर अंदाजाने औषध ओतू नका. कुजलेल्या माशातून निदान होत नाही, म्हणून आजारी पण जिवंत मासा तपासणीला न्या. नागपुरात २००० पासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या तज्ज्ञांना विचारा. (धागा समाप्त)