चक्रीवादळाचे स्वरूपांतर

उष्णकटिबंधीय चक्रीवादळ उबदार समुद्र सोडून ध्रुवाच्या दिशेने सरकते, तेव्हा त्याची ऊर्जा मिळवण्याची रीतच बदलते आणि ते मध्य अक्षांशांतील वादळ बनते. या बदलाला स्वरूपांतर म्हणतात.

उष्ण कटिबंधातील चक्रीवादळ बाष्पावर जगते. साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार समुद्रावरून वर गेलेल्या बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते. त्या उष्णतेमुळे वादळाचा गाभा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहतो आणि ढग केंद्राभोवती गोलाकार मांडले जातात. मध्य अक्षांशांतील वादळाला ऊर्जा मिळते ती शेजारी आलेल्या थंड आणि उष्ण हवेच्या तापमानातील फरकातून. त्याचा गाभा थंड असतो, आकार एका बाजूला ताणलेला असतो आणि पाऊस उष्ण-थंड हवेच्या सीमेवर पडतो. स्वरूपांतर होताना वादळाची गोलाई आधी मोडते, गाभा नंतर थंड होतो. वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांची योग्य द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) गाठता आली, तर ओसरत चाललेले वादळ पुन्हा जोर धरते. स्वरूपांतराची अवस्था ओळखण्यासाठी हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्ट यांनी २००३ मध्ये मांडलेली आकृती आजही वापरली जाते. वादळ किती विषम आहे आणि खालच्या व वरच्या थरांत त्याचा गाभा उबदार आहे की थंड, हे तीन निकष तिच्यात एकत्र पाहिले जातात.

उत्तर अटलांटिक आणि वायव्य पॅसिफिक महासागरांतील जवळपास निम्मी चक्रीवादळे या वाटेने जातात. २०२२ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियावर आदळलेले 'फियोना' असेच बदललेले होते आणि तेथे हवेचा दाब ९३३ मिलिबारपर्यंत उतरला. अमेरिकेतील न्यू जर्सीला २९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'सँडी'ने गाठले, त्याच्या थोडेच आधी त्याचे स्वरूपांतर झाल्याचे जाहीर झाले होते. व्याख्या बदलली तरी समुद्राच्या उधाणात काही फरक पडला नाही. इशारा व्याख्येवर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे हे त्या अनुभवातून पटले आणि स्वरूपांतर झालेल्या वादळांसाठीही चक्रीवादळाचे इशारे चालू ठेवण्याची सोय अमेरिकेने २०१३ मध्ये केली.

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र येथे पूर्ण स्वरूपांतर फार क्वचित होते. दोन्ही समुद्र उत्तरेकडे जमिनीने बंद आहेत, त्यामुळे थंड हवेच्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्याआधीच वादळ भूभागावर येऊन विरते. तरीही पश्चिमी वाऱ्यांशी त्याची गाठ पडतेच. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकलेल्या 'हुदहुद'चे अवशेष पश्चिमी वाऱ्यांच्या द्रोणीला मिळाले आणि दोनच दिवसांत नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात प्राणघातक हिमवादळ झाले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' गुजरातेत शिरले. पुढे त्याचे अवशेष आणि पश्चिमी झंझावात एकत्र आल्याने दिल्लीत सफदरजंग येथे चोवीस तासांत ११९.३ मिलिमीटर पाऊस झाला.

मराठवाड्यात मात्र चित्र वेगळे असते. तेथील परभणी जिल्हा सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आहे. पावसाळा सरत असताना येथे थंड आणि उष्ण हवेची ठळक सीमा नसते, म्हणून बंगालच्या उपसागरातून आलेले वादळ येथवर पोहोचते ते कमी दाबाचे क्षेत्र होऊन. वारा पडलेला असतो, पण बाष्प कायम असते. 'गुलाब' हे याचे अलीकडचे ठळक उदाहरण. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगणामार्गे विरत विरत मराठवाड्यावर पोहोचले. २७ व २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. सोयाबीन काढणीला आले होते, ते उभ्या शेतात पाण्याखाली गेले. किनाऱ्यावरच्या लोकांना वाऱ्याने घाबरवले. गोदाकाठच्या शेतकऱ्याचे नुकसान पावसाने केले, आणि तेही वादळ ओसरल्याच्या बातम्या आल्यानंतर. 'गुलाब'च्याच अवशेषांनी पुढे अरबी समुद्र गाठला, उबदार पाण्यावर पुन्हा बळ धरले आणि 'शाहीन' या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानचा किनारा गाठला. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात गेलेले हे वादळ शेवटपर्यंत उष्णकटिबंधीयच राहिले.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून (स्थापना १९७२) हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी दिला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उपसागरातील वादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर येत असेल, तर ते पुढे कोणत्या वाटेने जाईल आणि पावसाचा इशारा काय आहे, हे या जिल्ह्यात वाऱ्याच्या वेगापेक्षा अधिक काळजीने पाहावे लागते. त्या दिवसांत काढलेले सोयाबीन ढीग लावून ताडपत्रीखाली झाकणे आणि शेतातले साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवणे, ही कामे पाऊस सुरू होण्याआधीच उरकावी लागतात.