कवड्यांची वाट वैकुंठाची

दिवाळीत घर माणसांनी भरते. फराळाची ताटे उचलली जातात, पानदान फिरते आणि कुणीतरी म्हणतेच, "चला, काहीतरी खेळू या." तिथेच पेच पडतो. बुद्धिबळ मांडावे तर दोघेच गुंततात, बाकीचे जांभया देतात. सोंगट्यांचा डाव संपता संपत नाही. पत्ते पिसावे तर धाकट्यांना कळत नाहीत आणि थोरांना पैशाची लालूच सुटते. आठ वर्षांच्या नातीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सर्वांना बरोबरीने खेळता यावा, नियम दोन वाक्यांत सांगून व्हावेत, शिवाय अद्भुत मुलखातला प्रवासही घडावा, असा खेळ निवडायचा कोणता?

बीड जिल्ह्यात या साध्या प्रश्नाला वेगळीच धार आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवरून बिऱ्हाडे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कारखान्यांच्या हंगामाबरोबर गेलेली माणसे उन्हाळ्याच्या तोंडी परततात, आणि पुष्कळ मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात. सगळ्यांनी मिळून बसायच्या संध्याकाळी मोजक्याच. त्या रुसण्याफुगण्यात घालवून कसे चालेल?

आणि खेळातून रुसणे निपजते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवले, अशी कथा आहे. कौरव-पांडवांच्या द्यूताचे तर सांगायलाच नको. बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी हिंडलेले श्रीचक्रधर पूर्वाश्रमी हरिपाळदेव होते. जुगारात हरल्यावर त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले, तिने नाकारले आणि त्यांच्या मनात विरक्ती आली, असे तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र' सांगते. खेळाच्या पटावरून माणूस संसाराबाहेर गेला, तो असा.

मग खेळातूनच शहाणपण शिकवावे, ही कल्पना कुणाला तरी सुचली. त्या कल्पनेचे मराठी नाव मोक्षपट. उत्तरेत त्याला ज्ञानचौपड म्हणत. परंपरा मोक्षपटाचे कर्तेपण ज्ञानेश्वर महाराजांना देते. त्यांच्या काळातला पट मात्र हाती आलेला नाही. आज उपलब्ध असलेले बहुतेक जुने पट अठराव्या शतकातले वा त्यानंतरचे आहेत. २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या या खेळावर प्रबंधच लिहिला. आपल्या माजघरातला खेळ डेन्मार्कात अभ्यासला जातो, ही मौजच नव्हे काय?

या पटावरचा प्रवास पाहा. एका प्रचलित पटात ७२ घरे आहेत. पहिले घर जन्माचे. खालच्या ओळीत माया, क्रोध, लोभ, मोह दबा धरून बसलेले. वर चढत जावे तसतसे एकेक लोक ओलांडायचे. ५४ वे घर भक्तीचे. तिथली शिडी थेट ६८ व्या घरी, वैकुंठात पोहोचवते. पण भक्तीच्या डोक्यावरचेच घर, ५५ वे, अहंकाराचे, आणि तिथला साप खेळाडूला खाली तळच्या ओळीत आणून टाकतो! कवड्यांचे दान जास्त पडून वैकुंठ ओलांडले गेले, तर पुढे ७२ व्या घरी तमोगुणाचा साप आहेच. तो ५१ व्या घरी, पृथ्वीवर आणून सोडतो. पुन्हा खटपट सुरू. कवड्या टाकायच्या, मोजायच्या, चालायचे. नियम एवढाच. पोराला यात साप दिसतो, आजीला अहंकार दिसतो, आणि दोघे एकाच डावात हसतात.

१८९२ च्या सुमारास लंडनच्या एफ. एच. एअर्स या खेळसाहित्याच्या कारखानदाराने हा खेळ इंग्रजी वेषात बाजारात आणला. तिथे आळस, उधळपट्टी, काटकसर असे तिकडचे गुणदोष पटावर आले. पुढे तेही गळाले आणि नुसते १ ते १०० आकडे उरले. जुन्या पटांवर सहसा शिड्या थोड्या नि साप फार असत. नव्या पटांनी दोन्ही जवळजवळ सारखे केले. खेळ सोपा होताच, तो आता मुकाही झाला. दुकानातून साप-शिडी आणताना एवढेच पाहावे, की घरांना नावे आहेत काय? नसतील, तर आपण द्यावीत.

त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात एक थोर उदाहरण आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत आहे. सुमारे ४० फूट लांब नि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा अवघड विषय लिहून काढला. तो काही खेळ नव्हे. पण गहन गोष्ट कापडावर उलगडावी आणि माणसांनी तिच्याभोवती बसावे, हा विचार मोक्षपटाचाच सख्खा भाऊ वाटतो.

म्हणून वाचकहो, यंदा जुन्या धोतराचा एक चौकोनी तुकडा घ्या. घरे आखा, नावे सगळ्यांनी मिळून ठेवा. साप कुठे असावा यावर आजोबांचे ऐका, शिडी कुठे असावी यावर नातीचे ऐका. निघणारी माणसे निघतील, पट घडी करून फडताळात राहील. थंडीतल्या एखाद्या रात्री आजी आणि नात तो पुन्हा पसरतील, आणि ज्याने जे घर आखले त्याची आठवण त्या घरावर थांबून काढतील. उन्हाळ्याच्या तोंडी माणसे परतली, की डाव पुन्हा पहिल्या घरापासून सुरू.