बंडाच्या सालांतील ‘शांत’ मुलूख : दक्षिण महाराष्ट्रांतील नाकीं, चोरवाटा व हत्यारबंदी (इ. स. १८५७-५८)

इ. स. १८५७ च्या बंडाचा वृत्तांत लिहिणारे बहुतेक ग्रंथकार मुंबई इलाख्याची बोळवण दोनचार पानांत करतात. मीरत, दिल्ली, कानपूर, झांशी या ठिकाणीं जो वणवा पेटला त्याच्या मानानें हा इलाखा शांत राहिला, असें त्यांचें म्हणणें; आणि केवळ तुलनेनें पाहतां तें खोटेंहि नाहीं. परंतु ही शांतता कोणत्या उपायांनीं राखली गेली व त्या उपायांचा परिणाम काय झाला, हा प्रश्न निराळा आहे. प्रस्तुत लेखांत दक्षिण महाराष्ट्रापुरता, म्हणजे कोल्हापूर, सावंतवाडी, बेळगांव व धारवाड एवढ्या प्रदेशापुरता, आम्ही तो विचारांत घेणार आहों.

प्रथम धोका कोठें होता तें पाहूं. ता. ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापुरास २७ व्या देशी पलटणीनें बंड केलें व तींत तीन इंग्रज अंमलदार मारले गेले. बंदोबस्तासाठीं कर्नल ज्यॉर्ज ले ग्रँड जेकब यांची रवानगी झाली व ता. १८ ऑगस्टला त्यांनीं त्या पलटणीचीं हत्यारें काढून घेतलीं. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल घेणारे जे जेकब आमच्या वाचकांस ठाऊक आहेत, तेच हे. साताऱ्यास रंगो बापूजींच्या कटाच्या आरोपावरून ता. ८ सप्टेंबर रोजीं सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली. त्यांत त्यांचा मुलगाहि होता. स्वतः रंगो बापूजी मात्र अखेरपर्यंत सरकारच्या हातीं लागले नाहींत. डिसेंबरच्या आरंभीं कोल्हापूर शहराचे दरवाजे बंद करून पुन्हां एक उठाव झाला, तो जेकब यांनीं मोडला. पुढें छत्रपतींचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस संशयावरून कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें व तेथेंच ते १८६९ सालीं वारले. ही यादी पाहतां ‘शांत’ या विशेषणाचा अर्थ, दंगा झाला पण पसरला नाहीं, एवढाच करावा लागतो.

दंगा पसरूं नये म्हणून सरकारची नजर दोन गोष्टींवर होती : सरहद्द आणि घरोघरचीं हत्यारें. पैकीं सरहद्दीचा विचार आधीं करूं. सरहद्द म्हणजे गोव्याची. बंडाच्या कितीतरी आधींपासून या सरहद्दीवर नाकीं बसलेलीं होतीं, तीं शत्रूसाठीं नव्हेत, मिठासाठीं. मुंबई इलाख्यांत १८३७ सालीं मिठावर मणास ८ आणे कर बसला व १८४४ सालीं तो १२ आणे झाला. गोव्याच्या मिठागरांत पिकणाऱ्या मिठास हा कर नव्हता. तेव्हां नाकें चुकवून रानांतल्या पायवाटेनें एक बैल जरी घाटावर चढला, तरी नफा ठेवलेलाच. घाटावरच्या ज्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या कोंकणचें मीठ मिळत आलें होतें, त्यांचा नित्याचा व्यवहार अशा रीतीनें एका कायद्याच्या योगानें चोरटा ठरला. कौटिल्यानें अंतपालाकडे दोन कामें सोंपविलीं आहेत : वर्तनी म्हणजे वाटेचा कर घ्यावा, आणि वाटेंत व्यापाऱ्याचें कांहीं चोरीस गेलें तर तें भरून द्यावें. कंपनीच्या नाक्यानें पहिलें काम तेवढें उचललें. त्यामुळें नाकेदार हा वाटसराचा राखणदार न वाटतां केवळ कर उकळणारा वाटूं लागला.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १८५८ मधील प्रकार समजण्यास सोपा जातो. सावंतवाडीकडील १८४४ च्या दंग्यानंतर फोंड सावंतांचे मुलगे व इतर कांहीं मंडळी गोव्यांत आश्रयास राहिलीं होतीं. तीं सरहद्द ओलांडून खानापूर-सुपें बाजूच्या जंगलांत उतरलीं व आरंभींच त्यांनीं तळेवाडीच्या चौकीवर हल्ला केला. पुढें या भागांत जकातीचीं नाकींहि जाळलीं गेलीं. ज्या खुणेवर लोकांचा राग होता, तिच्यावरच पहिला हात पडला हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. घाटांतील दाट रानांत फौजेची कांहीं मात्रा चालेना. ज्या वाटांनीं मीठ येई त्याच वाटांनीं माणसें येत-जात, आणि त्या वाटा नकाशांत नव्हत्या, तेथील रहिवाशांच्या पायांखालीं होत्या. अखेरीस गोवें सरकारच्या सहकार्यानें त्याच वर्षाच्या शेवटीं ही मंडळी स्वाधीन झालीं व पोर्तुगीजांनीं त्यांस तिमोर बेटांत पाठविलें.

आतां हत्यारांकडे वळूं. सन १८५७ चा २८ वा कायदा सप्टेंबर महिन्यांत झाला. त्या अन्वयें जेथें हा कायदा लागू करण्यांत येईल तेथें हत्यारांची नोंद करणें व परवाना घेणें भाग पडलें. कागदावर हें साधें वाटतें. परंतु ज्या बेरड-रामोश्यांकडे गांवची राखण होती, त्यांच्या हातांतील तलवार म्हणजे त्यांचें वतन, त्यांची अब्रू. मुधोळ संस्थानांतील हलगली (सांप्रतच्या कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत) या गांवच्या बेरडांनीं हत्यारें देण्याचें नाकारलें. ता. २९ व ३० नोव्हेंबर १८५७ रोजीं कर्नल माल्कम यांच्या फौजेनें गांवावर चाल केली, गांवास आग लावली व पुष्कळ माणसें मारलीं. धरलेल्यांपैकीं एकोणीस जणांस फांशी दिलें : तेरा मुधोळास ता. ११ डिसेंबर रोजीं, आणि सहा खुद्द हलगलीस ता. १४ रोजीं. या बेरडांचा दिल्लीशीं कांहीं संबंध होता असें मानण्यास आधार नाहीं. कायदा आला नसता तर ते बंडवाले झाले नसते, असें आमचें मत आहे.

पुढील वर्षीं हाच धागा धारवाडाकडे दिसतो. हम्मिगी येथें देसायांच्या वाड्यांत हत्यारें व दारू लपविलेली सांपडली. आणि तें उघडकीस येतांच, पुरी तयारी होण्यापूर्वींच, मुंडरगीचे भीमराव यांस मे १८५८ मध्यें उठावें लागलें. त्यांनीं डंबळचा खजिना लुटून निजामाच्या मुलखांतील कोप्पळचा किल्ला घेतला व तेथेंच ते पडले. नरगुंदचे भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांस दत्तकाची परवानगी नाकारली गेली होती. त्यांतच तोफा व दारूगोळा धारवाडास पाठविण्याची ताकीद आली. ता. २९ मेच्या रात्रीं सुरेबान येथें पोलिटिकल एजंट मॅन्सन मारले गेले. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत नरगुंद पडलें व ता. १२ रोजीं बाबासाहेबांस बेळगांवीं फांशी झाली. या संस्थानिकाचा संस्कृत ग्रंथसंग्रह मोठा होता, असें इंग्रज लेखकांनींहि लिहून ठेविलें आहे. वाचकांस हा तपशील क्षुल्लक वाटूं नये. वाडा पडतो तेव्हां त्याबरोबर काय काय जातें, याची ती खूण आहे.

येथें एक आक्षेप येईल कीं, हम्मिगीचा साठा खरा होता. मग सरकारनें झडती घेऊं नये काय? आक्षेप रास्त आहे. कोणतेंहि राज्य भरल्या बंडांत दारूचे साठे डोळ्यांआड करणार नाहीं. कौटिल्यानेंहि शस्त्रें, कवचें, लोखंड व धान्य हे जिन्नस देशाबाहेर नेण्यास मनाई सांगितली आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, साठा करणारा आणि बापाची तलवार जपणारा, दंगेखोर आणि मीठ वाहणारा, यांत सरकारच्या नजरेला भेद उरला नाहीं. भेद न करणारी नजर धोका शोधतां शोधतां धोका निर्माण करते. पुढचा इतिहासहि हेंच सांगतो. चौक्यांनीं मीठ थांबेना, तेव्हां १८७८ च्या तहानें इंग्रजांनीं गोव्याच्या मिठाचाच कारभार हातीं घेतला व त्याबद्दल पोर्तुगीजांस वर्षास चार लाख रुपये देऊं केले. हा तह १८९२ पर्यंत चालला. आणि हत्यारांचा जो कायदा बंडापुरता म्हणून आला, त्याची परंपरा १८६० व १८७८ च्या कायद्यांनीं कायम झाली.

या विषयाचीं साधनें बहुतेक एका बाजूचीं आहेत. जेकब यांचा ग्रंथ १८७१ सालीं निघाला. तो मोलाचा खरा, पण तो जिंकणाऱ्याचा. दुसरी बाजू डॉ. फ्लीट यांनीं ‘इंडियन अँटिक्वरी’ मध्यें छापलेल्या कानडी पोवाड्यांत थोडीशी ऐकूं येते. त्यांत हलगलीच्या बेरडांचाहि एक पोवाडा आहे. याखेरीज हत्यारांचे परवाने, जमा केलेल्या तलवारींच्या पावत्या, नाक्यावरचे रवाने, पाटील-कुळकर्ण्यांच्या हातच्या याद्या, असे कागद जुन्या रुमालांत असणें संभवनीय आहे. संग्राहक राजकीय पत्रें जपून ठेवितात आणि असले चिटोरे किरकोळ समजून टाकून देतात. आमची त्यांस विनंति आहे कीं, तसें करूं नये. तलवार गेली, ती धरणारा फांशीं गेला. निदान ती कोणाची होती हें सांगणारी पावती तरी राहूं द्यावी.